नीरेच्या काठी, शिरक्याची बाटली

शुक्रवारी साडेपाचलाच सिस्टिम शटडाऊन केली, बॉसच्या केबिनकडे न बघता लिफ्ट गाठली आणि सातच्या आत आम्ही दोघं कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे! सोमवारपर्यंत मेल उघडायचा नाही, असं बायकोला कबूल केलं होतं. मागच्या सीटवर मामीसाठी बाकरवडी, मामांसाठी बिनसाखरेची बिस्किटं आणि जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेली एक बाटली. बाटलीत माडाच्या सुरेचं व्हिनेगर. मामांसाठी नेलेली ही दुसरी बाटली. पहिली दिवाळीत नेली होती आणि ती संपत आल्याचा फोन खुद्द मामांनी केला होता. 'तुझं ते औषध संपत आलंय, येताना आणखी एक आण.' औषध हा शब्द ऐकला तेव्हाच कान टवकारायला हवे होते. पण तेव्हा मी फोन खांद्यात धरून एक्सेल शीट भरत होतो.

मामा राहतात हिर्डोशीला. 'हे कुठे आलं?' असं ऑफिसात दर वेळी विचारलं जातं. पुणेकरांचा वीकएंड म्हणजे लोणावळा, पानशेत, फार तर ताम्हिणी. भोरच्या पुढे कुणी गेलंच तर पावसाळ्यात, वरंधा घाटातली भजी खायला. हिर्डोशी त्याच रस्त्यावर आहे, पण भज्यांच्या ओढीने निघालेल्या गाड्या तिथे थांबत नाहीत. माझ्यासाठी मात्र हे आजोळ. मे महिन्याची सुट्टी, आंबे, विहिरीत मारलेल्या उड्या वगैरे सगळं इथलंच.

कापूरहोळला हायवे सोडला की खरा प्रवास सुरू होतो. भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान. तिथला राजवाडा सिनेमावाल्यांनी इतका वापरलाय, की पहिल्यांदा जाणाऱ्यालाही आपण इथे आधी येऊन गेलोय असं वाटतं. भोरनंतर महाडचा रस्ता धरायचा. आपटी, निगुडघर, देवघर करत तो नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला बिलगून वळणं घेत राहतो. रात्री यातलं काहीच दिसत नाही. गाडीच्या उजेडात झाडांची खोडं, मधेच पाण्याचा एखादा काळा चकाकता तुकडा, आणि रस्त्याचं काम चालू असल्याच्या पाट्या. साडेनऊला पोचलो तर मामा अंगणात बसलेले. 'आलास का रं? आणलंस?' बाटली हातात घेऊन त्यांनी ती दिव्यासमोर धरली, एखाद्या जाणकारासारखी.

आता त्या पहिल्या बाटलीबद्दल. आमच्या फ्लोअरवर गेली दोन-तीन वर्षं व्हिनेगरचं फॅड आहे. पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांपेक्षा अॅपल सायडर व्हिनेगरच्या बाटल्या जास्त. सगळ्यांवर 'विथ मदर' असा स्टिकर. सकाळी अकराला टीममधली चार-पाच मंडळी पेपर कपात ते ओतून, डोळे घट्ट मिटून एका दमात गिळतात आणि मग एकमेकांकडे बघून 'पोट आत गेलंय ना?' असं विचारतात. मीही त्यातलाच. त्यातून दिवाळीआधी गोव्याला गेलो होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक आजीबाई जुन्या दारूच्या बाटल्यांमध्ये भरलेलं गढूळसर, पिवळट व्हिनेगर विकत बसल्या होत्या. माडाच्या सुरेचं, घरी केलेलं. मी लगेच हुशारी दाखवली. शुगरला चांगलं ना? वजन उतरतं ना? आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, 'हें वखद न्हय रे, रांदपाची वस्त.' म्हणजे हे औषध नव्हे बाबा, स्वयंपाकाची वस्तू. मला ते बोलणं फार गोड वाटलं. दोन बाटल्या घेतल्या. एक घरी आणि एक दिवाळीत मामांना. देताना वर अर्ध्या वाचलेल्या लेखाच्या जोरावर भाषणही ठोकलं, 'मामा, रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे. शुगर एकदम कंट्रोलमध्ये!'

मामा एसटीत ड्रायव्हर होते. भोर-महाड मार्गावर कित्येक वर्षं गाडी चालवली. सांगितलेलं वेळापत्रक पाळायची सवय त्यांच्या हाडात आहे.

शनिवारी सकाळी जाग आली ती भाताच्या वासाने. इंद्रायणी तांदूळ शिजत असला की या घरात दुसरा कुठलाच वास टिकत नाही. बाहेर आलो. फेब्रुवारीतली कोवळी थंडी, समोर पाणी, पलीकडे डोंगरांची रांग आणि उतारावर पानं गाळून नुसती लाल फुलं मिरवणाऱ्या काटेसावरी. हे हिरडस मावळ. नीरेचं खोरं, बांदल देशमुखांचा मुलूख. बाजीप्रभू देशपांडे याच मावळातल्या शिंद गावचे. मावळाच्या नावात हिरडा आहे आणि गावाच्या नावातही तो ऐकू येतो. समोरचं पाणी नीरेचं. या खोऱ्याच्या टोकाला, शिरगावच्या बाजूला ती उगम पावते आणि थेट इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला जाऊन भीमेला मिळते. मधे देवघरला तिला अडवून पावणेबारा टीएमसीचं धरण बांधलंय. माझ्या लहानपणी जिथे शेतं होती, तिथे आता पाणी आहे. मामा बोट करून दाखवतात, 'तिथं आपला खाचर होता.' मी मान हलवतो. पाण्यात बघून काहीच ओळखू येत नाही.

मी चहा पीत असताना मामांनी स्टीलच्या पेल्यात बाटलीतलं व्हिनेगर ओतलं. दोन चमचे कुठले, पाव पेला! त्यात घोटभर पाणी, आणि गट्टम.

'दात शिवशिवतात जरा,' ते म्हणाले, 'पण गुण हाय. तीन किलो उतरलो.'

खरंच बारीक झाले होते. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळणारा. मी खूश. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा विचारही मनात आला. तेवढ्यात मामीने मला आत बोलावलं. डब्यांच्या फळीमागून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. आत मेटफॉर्मिनच्या गोळ्या. पाकिटंच्या पाकिटं, न फोडलेली.

'दिवाळीपासनं बंद केल्यात. म्हणत्यात, भाच्यानं गोव्यावरनं आणलंय, आता गोळ्यांची गरज न्हाई. रातीला चारदा उठत्यात. पाण्याचा तांब्या उशाला लागतो. तूच सांग आता, माझं ऐकत न्हाईत.'

पाण्याचा तांब्या, रात्री चारदा उठणं, उतरलेलं वजन. डायबेटिसची ही लक्षणं शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतात. मीच ती 'गुण' म्हणून बघत होतो.

तासाभरात आम्ही भोरला होतो. ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून डॉक्टरांनी एकदा मामांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट, पावसाळ्यात ७.२ होती. संध्याकाळी आलेला रिपोर्ट ९.६. डॉक्टर मामांना एका शब्दाने रागावले नाहीत. मला विचारलं, 'तुम्ही काय करता?' म्हटलं, सॉफ्टवेअर. 'मग एखादं चालू असलेलं प्रोग्रॅम, नवीन टेस्ट न करता, एका लेखाच्या भरवशावर बंद करता का?' माझी वाचाच बसली. वजन व्हिनेगरने उतरलेलं नाही, साखर शरीराला वापरता येईना म्हणून उतरलंय, हे त्यांनी मामांना एसटीच्या भाषेत समजावलं: टाकी भरलेली आहे, पण डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही, म्हणून गाडी आपलीच बॉडी जाळून चाललीय. मामांना ते पटलं. गोळ्या सुरू झाल्या, आणि पंधरा दिवसांनी परत दाखवायचं ठरलं.

चमचाभर विज्ञान

हिर्डोशीत मोबाइलची रेंज म्हणजे नवसाला पावणारी देवी. घराच्या वर एक चढ आहे, तिथल्या एका दगडावर उभं राहिलं की ती येते. शनिवारची उरलेली दुपार मी त्या दगडावर काढली आणि जे दिवाळीच्या आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. तुमच्याही पॅन्ट्रीत ती बाटली असेलच, म्हणून सांगतो.

व्हिनेगर होतं कसं? झाडाच्या गोड रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. मग हवेतले दुसरे जीवाणू ते अल्कोहोल खाऊन त्याचं अॅसेटिक आम्ल करतात. पहिलं काम तासाभरातच सुरू होतं, दुसऱ्याला काही आठवडे लागतात. 'मदर' म्हणजे याच जीवाणूंनी विणलेली साय. दिसायला अद्भुत, पण तिच्यात काही जादू असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ताज्या रसात पोटॅशियम असतं, अमिनो आम्लं असतात, हे खरं. पण कुणी पेलाभर व्हिनेगर पीत नाही (मामा सोडून), आणि चमचाभरात यातलं येणार ते किती!

फायद्याचा खरा धागा अॅसेटिक आम्लाचा आहे. ते माडाचं असो, सफरचंदाचं की उसाचं. २००४ मध्ये अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन यांनी काही जणांना पिठूळ नाश्त्याच्या आधी व्हिनेगर दिलं. ज्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं, त्यांची जेवणानंतर चढणारी साखर कमी चढली. माणसं होती जेमतेम २९. त्यानंतर असे बरेच छोटे प्रयोग झाले आणि सूर साधारण तोच निघाला: पिठूळ जेवणासोबत घेतलं तर साखरेची उडी थोडी बसते, कारण पोट जरा सावकाश रिकामं होतं. सोबत, हा शब्द महत्त्वाचा. उपाशीपोटी घेऊन दोन तासांनी भात हाणला तर त्याचा काय उपयोग? आणि माझं भाषण नेमकं उपाशीपोटीचं होतं.

वजनाचं म्हणाल, तर २००९ मध्ये जपानमध्ये एका व्हिनेगर कंपनीच्याच संशोधकांनी दीडशेवर लोकांना बारा आठवडे रोज एक-दोन मोठे चमचे व्हिनेगर पाण्यातून दिलं. उतरलं ते एक ते दोन किलो, आणि बंद केल्यावर ते परत यायला लागलं. २०२४ मध्ये लेबनॉनच्या एका अभ्यासाने तरुणांचं सहा-आठ किलो वजन उतरल्याचं सांगितलं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो किमान दहा वेळा फिरला असेल. २०२५ मध्ये आकडेवारीतल्या गोंधळामुळे तो अभ्यास नियतकालिकाने मागे घेतला, हे मात्र ग्रुपवर कुणी टाकलं नाही. खास माड आणि तशा पामवर्गी झाडांच्या व्हिनेगरवर मलेशियात प्रयोग झालेत. नारळपाण्याच्या व्हिनेगरवर, निपा नावाच्या खाडीकाठच्या पामच्या व्हिनेगरवर. निकाल आशा वाटावी असे, पण ते सगळे उंदरांवर. मामा उंदीर नाहीत.

आणि दुसरी बाजू. दात शिवशिवत होते ते आम्लाने दातांवरचं आवरण झिजतं म्हणून. डायबेटिसमुळे ज्यांचं पोट आधीच आळसावलेलं असतं त्यांचं ते आणखी आळसावतं, असं २००७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. इन्सुलिन किंवा साखर खेचून खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता रोजचा रतीब लावणं धोक्याचं. ऑस्ट्रियातल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या बाईची केस १९९८ मध्ये छापून आली होती. सहा वर्षं रोज पाव लिटर व्हिनेगर. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं आणि हाडं ठिसूळ. माझ्याच वयाची, हे वाचून दगडावरून खाली उतरलो.

ताडी, माडी, शिंदी

रविवारी सकाळी मामा म्हणाले, 'चल, घाटात जाऊन येऊ. गाडी तू चालव, गिअर मी सांगतो.' सांगितलेही!

वारवंड, शिरगाव मागे पडलं की हवा बदलते. झाडी दाट, वळणं अरुंद, आणि मग एकदम समोर कोकण उघडतं. घाटमाथ्याच्या अलीकडे एका घळीत मामांनी गाडी थांबवायला लावली. 'ते बघ. तुझ्या बाटलीतल्या माडाचा चुलतभाऊ.'

भेरली माड. तुम्ही तो पाहिला आहे, फक्त नाव माहीत नसेल. सोसायटीच्या बागेत किंवा हॉटेलच्या लॉबीत माशाच्या शेपटीसारख्या पानांचं ते पाम असतं ना, तेच हे, फक्त इथे ते रानात, तीन-चार मजली उंच. शेंड्यापासून खालीपर्यंत हिरव्या मण्यांच्या जाडजूड वेण्या लटकत होत्या. या झाडाची गंमत अशी, की ते आयुष्यभर नुसतं वाढतं आणि मग एकदा फुलायला लागलं की वरून खाली एकेक तुरा काढत काही वर्षांत मरून जातं. फळाला हात लावला तर खाज सुटते. मला लावायचाच होता, मामांनी हात मागे ओढला. ही फळं कांडेचोर, म्हणजे उदमांजर, मात्र मजेत खातं. याच झाडाला सुरमाड असंही म्हणतात, कारण तुरा छेदून त्यातूनही सूर काढतात. श्रीलंकेत याच झाडाच्या रसाचा पाक करून दह्यावर घालून खातात.

'आमचे वडील महाडाकडं उतरले की माडी पिऊनच वर यायचे,' मामा म्हणाले. 'आईला वासावरनं कळायचं. मग ते म्हणायचे, माडी न्हाई गं, नीरा हुती.'

आपल्या भाषेत या पेयांची नावं किती सरळ आहेत बघा. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीची ती शिंदी. सूर्य वर चढायच्या आत उतरवलेली, न आंबलेली, ती नीरा. पुण्यात नीरा केंद्राच्या टपरीवर थंडगार ग्लास प्यायला नाही असा माणूस विरळा. ती शिंदीची असते. ज्या शिंदीच्या पानांची केरसुणी आपण लक्ष्मीपूजनाला पुजतो, तीच शिंदी. त्या नीरेचा आणि समोर वाहणाऱ्या नीरेचा संबंध काय, हे लहानपणी मी मामांना विचारायचो आणि दर वेळी नवं उत्तर मिळायचं.

मग मला साहजिक प्रश्न पडला. शिंदी इथे, भेरली माड इथे, खाली कोकणात माडच माड. मग माझी बाटली गोव्याहून का आली? मामांनी एका वाक्यात निकाल लावला: 'आंबलं की ती दारू. आन् दारू म्हटलं की परवाना.' नीरा आणि व्हिनेगर यांच्या मधलं स्टेशन ताडीचं आहे. ते टाळून पुढे जाताच येत नाही. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आणला आणि झाड छेदणं परवाना नि कराच्या जाळ्यात गेलं. कोकण किनाऱ्यावरच्या भंडारी समाजाचा तो पिढीजात धंदा, त्याला मोठा फटका बसला. मग १९४९ चा दारूबंदी कायदा. गांधीजींना नीरा चालायची, ताडगुळाचा तर त्यांनी प्रचार केला. पण आंबलेल्या ताडीला त्यांच्या कार्यक्रमात जागा नव्हती. आजही आपल्या राज्यात ताडी काढायला आणि विकायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. त्यामुळे चार दिवस विसरलेल्या माडीचा शिरका आपल्या घरांत क्वचितच झाला. आणि आपण शिरका हा शब्दच विसरून गेलो.

गोव्याचं तसं झालं नाही. पोर्तुगीज मांस टिकवायला वाईन नि लसूण वापरत. गोव्यात वाईनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं आणि त्यातून विंदालू झालं. तिथे माडावर चढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. न उमललेली पोय दोरीने आवळून बांधायची, टोकाला रोज कातीने पातळ काप द्यायचा, खाली मडकं अडकवायचं. दिवसातून तीनदा वर चढायचं, सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी नुसता काप द्यायला. शेजारच्या माडावर परत तेच. हे करणारी तरुण पोरं आता मिळत नाहीत. आम्ही जिमच्या ट्रेडमिलवर जे जाळतो ते हे लोक सुरेच्या मडक्यासाठी जाळतात. गोवा सरकारने २०१६ मध्ये माडाला कायद्यातल्या झाडांच्या यादीतून काढलं होतं. केवढा गदारोळ झाला! २०१७ मध्ये तो परत झाड झाला, वर राज्यवृक्षही.

वाघजाईच्या देवळाजवळ गाडी लावली. फेब्रुवारीत घाटात ना धबधबे ना गर्दी. एका टपरीवर कांदाभजी मिळाली. मामांनी एकच खाल्ली. मग माझ्या प्लेटकडे बघत बसले.

'तू काय वाईट मनानं न्हाई दिलंस,' ते म्हणाले. मी भजी चावत राहिलो. 'पन मला बी बरं वाटलं हुतं. गोळी म्हंजे आजारी मानूस. हे आपलं भाच्यानं आणल्यालं. आमच्या रानात हिरडा हाय, पोटाला लई गुनाचा. म्हणून काय हाड मोडल्यावर हिरडा बांधतो का आम्ही?' आणि त्यांनी माझ्या प्लेटमधली दुसरी भजी उचलली. मी अडवलं नाही.

घरी आलो तर मामीने बाटलीचा ताबा घेतलेला होता. म्हापशाच्या आजीबाई आणि हिर्डोशीची मामी यांची कधी भेट झालेली नाही, पण दोघींचं मत एकच निघालं. कांदा उभा चिरून, त्यावर मीठ, हिरवी मिरची आणि दोन चमचे व्हिनेगर, तासभर मुरवलेलं. धरणातल्या कटल्याच्या तुकड्यांना हळद-तिखटाबरोबर थोडं. नाचणीची भाकरी, भात नेहमीच्या निम्मा. बाजारातल्या पांढऱ्या सिंथेटिक व्हिनेगरसारखं नाकात जाणारं हे नव्हतं. आंबटपणाच्या मागे एक हलकी गोडसर, आंबूस चव रेंगाळत होती. (बाटली घेताना लेबल वाचा. अॅसेटिक आम्लात पाणी घालून केलेल्यावर 'सिंथेटिक' असं छापावंच लागतं.)

'चिंचेपरास बरं हाय,' मामीने निकाल दिला. 'माशाला तर लईच.'

तुम्हाला जायचं असेल तर पुणे-कापूरहोळ-भोर-हिर्डोशी, स्वतःच्या गाडीने अडीच तास धरा. भोरपर्यंत एसटी भरपूर, पुढे मात्र वेळा विचारूनच निघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात खोरं वेड लावतं, पण दरडींमुळे वरंधा घाट अनेकदा बंद ठेवतात, निघण्याआधी चौकशी करा. धरणाच्या पाण्यात उतरू नका, काठ दिसतो तितका उथळ नाही. हॉटेलं भोरलाच उरकून घ्या.

मामांचा पुढचा रिपोर्ट मे महिन्यात आहे. तोवर दर रविवारी सकाळी माझा फोन जातो. पहिला प्रश्न ठरलेला, 'मामा, गोळी घेतली?'

पलीकडून उत्तरही ठरलेलं, 'आरं घेतली. तू मेल बघितलास का न्हाई, ते सांग.'